सद्गृहस्थांच्या मापाचं चिलखत

रोहा,
१० फेब्रुवारी १९८८

ती. आक्का,

मी तुझ्याशी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण बोलत नसलं तरी लिहायला हरकत नाही असं तुझी भावजय शांती म्हणाली, म्हणून लिहितो.

भैरीदेवीच्या जत्रेतलं नाटक यंदाही चैत्री पुनवेला आहे आणि सरदार रायाजी यंदाही मीच आहे, पण अटीवर. आमचे महिपती मास्तर, म्हणजे नाटक लिहिणारे तेच आणि बसवणारेही तेच, परवा तालमीत सगळ्यांदेखत म्हणाले, "गुणाजी, गेल्या साली झालं ते झालं. औंदा चिलखत अंगावरनं सुटलं तर पुढल्या सालापासनं तू पडदा वडायचा. रायाजी पोपट करंल." हे ऐकून पोपटने लगेच मिशीला पीळ दिला. तो फितूर किल्लेदार होतो आणि शेवटच्या अंकात माझ्या छातीत तलवार खुपसतो. तालमीतही जरा जास्तच मनापासून खुपसतो.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला सांगायला नको, तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं चिलखत केलं होतं. "ही छाती म्हणजे स्वराज्याचा अभेद्य कोट आहे" असं म्हणून मी दोन्ही हात वर केले आणि सुतळी तुटली. पत्रे खडखडत खाली आले आणि अभेद्य कोटाच्या जागी माझा भोकाचा बनियन दिसला. लोक हसले त्याचं मला एवढं वाटत नाही. पण सगळ्यांत आधी हसलीस ती तू, आणि तुझं हसणं कोलाडपर्यंत ऐकू जातं. म्हणून यंदा तू नाटकाला यायचं नाही. हा माझा शेवटचा शब्द.

आता कामाचं. तू पेणला गणपतीच्या कारखान्यात आहेस, कागदाचा लगदा आणि खळ तुझ्या हातातली. मला एक चिलखत करून दे. हलकं हवं, वाजता कामा नये, सुटता कामा नये, आणि घालून मरता आलं पाहिजे. वर्षभर मी धाटावला कंपनीत बॉयलरच्या काट्याकडे बघत उभा असतो, तिथे मला कुणी ओळखत नाही. वर्षातून एकदा मी मरतो आणि आख्खी आळी रडते. म्हातारी गिरजाबाई तर रुमाल घेऊनच येते. आक्का, मला पडदा ओढायचा नाही गो.

तुझा,
गुणाजी


पेण, रामवाडी,
१७ फेब्रुवारी १९८८

गुणाजीस आशीर्वाद, पुरतील तेवढे.

म्हणजे माझ्या हातचं चिलखत चालेल आणि माझं तोंड चालणार नाही. बरं आहे. आपल्या आईने तुला लाडावून ठेवलं ते आता आम्ही निस्तरायचं. येणार नाही, जा. दिला शब्द.

पत्रा, खिळे, तार यातलं काही अंगाला लावायचं नाही, हे आधीच सांगते. गेल्या वर्षी तुझ्या बरगडीवर ओरखडे उठले होते आणि शांतीने आठवडाभर खोबरेल लावलं, हे ती मला सांगून बसली आहे. चिलखत कागदाचं करू. एकावर एक कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवले की लाकडासारखं टणक होतं आणि उचलायला टोपलीएवढं हलकं.

सुतळीच्या दोरीने मापं घे आणि गाठी मारून पाठव. छाती, पोट, खांदा ते कंबर आणि डोक्याचा घेर. मापं शांतीला घ्यायला सांग, स्वतः घेऊ नकोस. पोटाचं माप श्वास सोडून घ्यायचं. नाटकात तुला तास-दीड तास श्वास रोखून उभं राहता येणार नाही.

कारखान्यात सध्या घाई नाही. मालक म्हणाले, "ताई, करा काय ते, पन गणपतीला धक्का लावू नका." त्यांना काय माहीत गाठ कुणाशी आहे ते.

तुझी,
आक्का


रोहा,
२३ फेब्रुवारी १९८८

ती. आक्का,

दोरी सोबत पाठवतो आहे. मापं मीच घेतली, कारण शांती माप घेताना हसते आणि मग दोरी हलते. पोटाच्या गाठीकडे पाहून तुला नवल वाटेल, पण मी संध्याकाळचा भात बंद केला आहे. म्हणजे जत्रेच्या आधी बंद करणार आहे. तेव्हा माप पुढचं आहे असं समज.

शिरस्त्राणाला कपाळावरून नाकावर उतरणारी एक पट्टी हवी. मास्तरांकडे एक चित्र आहे, त्यात तशी आहे, फार करारी दिसते. आणि चिलखताचा रंग रुपेरी. पोपटचं काळं आहे, त्याच्या मेव्हण्याने रबरी चटया कापून केलं आहे. त्याला ते घालून खाली बसता येत नाही, तालमीत तो बुरुजासारखा उभाच असतो. आपलं तसं नको.

एक विचारायचं राहिलं. मी मरताना उजव्या कुशीवर पडतो, मग कोपरावर रेलून बोलतो, मग पुन्हा पडतो. मास्तर म्हणतात एकदाच पड, पण ते मला जमत नाही. तेव्हा उजव्या बाजूला बोचेल असं काही ठेवू नकोस.

तुझा,
गुणाजी


पेण, रामवाडी,
१३ मार्च १९८८

चि. गुणाजी,

शिमगा झाला, तुझं चिलखतही झालं. शरीफभाईंचा टेम्पो रोह्याला जातो आहे, त्यात पोतं दिलं आहे. वर कुणी बसू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "आपा, ह्याचं तिकीट काडायला लागंल."

तुझी दोरी मी बघितली. पोटाची गाठ मोजून मी कारखान्यातल्या बायकांना दाखवली तर त्या म्हणाल्या हे तर शाळेतल्या पोराचं माप. तेव्हा ती दोरी मी पिशवी बांधायला वापरली. तू कसा आहेस हे मला दोरीने सांगायला नको. आमच्याकडे एक सद्गृहस्थ बसलेले असतात. पोट अगदी तुझ्या तोलाचं, छातीही भरदार, तास-तास हलत नाहीत आणि तक्रारीचा शब्द नाही. त्यांच्याच अंगावर कागद थापून चिलखत घेतलं आणि डोक्यावरचंही त्यांच्याच डोक्यावर बेतलं. त्यांना नीट बसलं म्हणजे तुला बसणारच.

आता घालायचं कसं ते लक्ष देऊन वाच. आधी अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, उघड्या अंगावर चिलखत घालायचं नाही. पुढचा भाग आणि पाठीचा भाग वेगळे आहेत. खांद्यावर खाटेच्या नवारीच्या पट्ट्या लावल्या आहेत, त्या पाठीवर फुलीसारख्या आडव्या-तिडव्या घेऊन कमरेला बांधायच्या. फुलीमुळे भार दोन्ही खांद्यांवर सारखा राहतो आणि हात वर केले तरी काही सरकत नाही. दोन्ही कुशींना नाड्या आहेत. त्या शांतीने बांधायच्या, घट्ट, पण तुला जांभई देता येईल इतपत. नाडीची टोकं आत खोचायची, लोंबती ठेवलीस तर पोपट ओढल्याशिवाय राहणार नाही. आतून आईच्या जुन्या गोधडीचे तुकडे लावले आहेत, उजव्या कुशीला दुप्पट. काखेत मोकळं कापलं आहे आणि पाठीत वारा जायला भोकं आहेत, ती झाकू नकोस.

आणि मुख्य म्हणजे जत्रेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचं नाही. आठवडाभर रोज घालून घरात वावर. बस, ऊठ, वाक, विहिरीचं पाणी काढ. बोचलं, घासलं तर कळव.

तुझी,
आक्का


रोहा,
२० मार्च १९८८

ती. आक्का,

चिलखत अंगात घातलं आणि शांती बघतच राहिली. म्हणाली, "आवं, हे तर तुमच्यासाठीच जन्माला आलंय." एवढं नेमकं बसलं आहे की मला त्या सद्गृहस्थांबद्दल आपुलकी वाटू लागली आहे. इतका वेळ स्वतःचं काम सोडून, परक्या माणसासाठी अंगावर ओला कागद थापून घेत बसणं ही साधी गोष्ट नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. रोह्याला आले तर जेवायलाच यावं. त्यांना काय आवडतं ते कळव.

तू सांगितल्याप्रमाणे रोज घालतो. पाणी काढलं, माळ्यावर चढलो, ओट्यावर मांडी घालून बसलो. बसायला तर इतकं सुखाचं आहे की उठावंसं वाटत नाही. मंगळवारी पहिल्या शिफ्टला जाताना वरून शर्ट घालून तसाच बसमध्ये चढलो. शेजारी आमच्या आळीतला नासिर. त्याने माझ्या पोटावर टकटक केलं आणि विचारलं, "गुणाजी, आत कोन हाय का?" मी म्हटलं, "सरदार रायाजी हाय." तो म्हणाला, "मंग त्याला सरकून बसाया सांग."

दोन शंका. पोटाभोवती वळणं घेत गेलेला एक अगदी पुसट उंचवटा हाताला लागतो, तो कशाचा? आणि मधोमध एक खळगा आहे. तो तलवारीचा घाव म्हणून ठेवला आहेस का? असेल तर छान कल्पना आहे.

तुझा,
गुणाजी


पेण, रामवाडी,
२६ मार्च १९८८

चि. गुणाजी,

सद्गृहस्थांना तुझा नमस्कार पोचवला. त्यांना मोदक आवडतात. बाकी ते काही बोलले नाहीत.

उंचवटा म्हणजे नक्षी समज. मी पॉलिश पेपरने घासून काढली आहे, वरून रुपेरी रंगाचे दोन हात दिले आहेत, कुणाला दिसायची नाही. खळगा म्हणजे घावच.

एकच सांगायचं राहिलं. कागदाला पाण्याचं भय. चिलखताला आतून वॉर्निश दिलं आहे, पण शिरस्त्राणाच्या नाकपट्टीला दिलेलं नाही, त्याचा वास थेट तुझ्या नाकात गेला असता. तेव्हा कपाळावर रुमालाची जाड घडी बांध आणि मग वरून शिरस्त्राण घाल, म्हणजे घाम पट्टीपर्यंत उतरणार नाही. हे विसरू नकोस. तुला घाम किती येतो ते मला माहीत आहे, लग्नात तुझ्या मुंडावळ्या पिळाव्या लागल्या होत्या.

मी येणार नाही, शब्द दिला आहे. इथूनच भैरीला हात जोडीन.

तुझी,
आक्का


रोहा,
५ एप्रिल १९८८

ती. आक्का,

नाटक उत्तम झालं. चिलखत सुटलं नाही. मी ठरल्याप्रमाणे मेलो. गिरजाबाईने रुमाल बाहेर काढला. मास्तर खूश आहेत, पोपट थोडा आजारी आहे. जास्त लिहीत नाही, कंपनीत शिफ्ट बदलली आहे.

तुझे उपकार आहेत. तू नव्हतीस हे एका परीने बरंच झालं.

तुझा,
गुणाजी


पेण, रामवाडी,
९ एप्रिल १९८८

चि. गुणाजी,

तू मेलास म्हणतोस, मग आरती कुणाची झाली?

खोटं लिहायचं तर निदान शांतीला विचारून तरी लिहायचंस. मी आले होते. शरीफभाई जत्रेसाठी खुर्च्या घेऊन निघाले, त्यांच्या टेम्पोत बसले आणि शांतीचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बायकांत मागे बसले. शब्द मोडला, कबूल. पण आपण केलेली वस्तू चारचौघांत कशी दिसते हे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. तोंडात पदराचा बोळा आधीच कोंबून ठेवला होता, न जाणो.

दोन अंक झकास झाले. तू बसलास, उठलास, जिना चढलास, कुठे काही हललं नाही. मला अभिमान वाटला. मग तिसऱ्या अंकात मास्तरांनी समोरचे दिवे विझवून बाजूचा एकच मोठा लावला. कारखान्यात उजेड समोरच्या खिडकीतून येतो आणि मूर्ती आम्ही समोरूनच बघतो. बाजूच्या उजेडात रुपेरी रंग काय काय दाखवतो ते मला कुठे ठाऊक? घासलेली नक्षी स्वच्छ दिसायला लागली. पोटाभोवती वेटोळं घातलेला नाग, गुणाजी. अगदी फण्यासकट. मधोमध बेंबी. कळलं ना आता सद्गृहस्थ कोण ते? खाडीपलीकडच्या एका मंडळाची पाच फुटी मूर्ती आहे, रंगायची राहिली होती. आणि तुझं शिरस्त्राण म्हणजे त्यांच्या मुकुटाचंच.

तरीही निभावलं असतं. पण तू रुमाल बांधला नव्हतास. शांती म्हणाली, सरदार कपाळाला रुमाल बांधत नाही असं तू तिला ऐकवलंस. तू छाती पुढे काढून पोपटला ललकारत होतास आणि नाकपट्टी भिजून हळूहळू लांबत खाली येत होती. आधी ओठावर आली, मग हनुवटीवर, आणि शेवटी डावीकडे वळून लोंबायला लागली.

कुठेतरी पोरं फिसकली. पोपटच्या मिशा हलताना मला दिसल्या. तू बोलता बोलता थांबलास. गेल्या वर्षी बनियन दिसला तेव्हा तुझं तोंड जसं झालं होतं तसंच होत होतं, आणि त्या वेळी मी हसले होते. या खेपेला मला हसूच आलं नाही रे. मला फक्त पडदा ओढताना तू दिसलास. मी तोंडातला बोळा काढला आणि जीव खाऊन ओरडले, "गणपती बाप्पा."

पुढचं तुला माहीत आहे. आख्ख्या मांडवाने "मोरया" म्हटलं. पोपटला काही कळेना, त्याने आपली सवयीने तलवार उचलली, तर पहिल्या रांगेतून गिरजाबाई काठी घेऊन उठली. "पोपट, हात खाली घे. देवावर हात उचलतोस व्हय रं?" त्याने तलवार टाकून तुझ्या पाया पडायला वाकावं तर त्या रबराच्या चटयांत त्याला वाकता येईना, आणि तो आडवाच पडला. तो उठेना म्हणून मास्तरांनी आरती सुरू केली. तू मात्र शहाण्यासारखा उजवा हात आशीर्वादाला धरून उभा राहिलास. इतका स्थिर तर आमचा पाच फुटीही बसत नाही.

मी आरती संपायच्या आधीच टेम्पोत जाऊन बसले. तुझ्या समोर यायचा धीर झाला नाही. नाग मीच ठेवला, चूक माझी. पण चिलखत सुटलं नाही, एवढं मात्र कुणालाही विचार.

पोपटची कंबर कशी आहे?

तुझी,
आक्का


रोहा,
१५ एप्रिल १९८८

ती. आक्का,

पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. शांती समोर बसून वाचत होती आणि वाचता वाचता हसत होती. मला सगळ्यांत आधी राग आला तो तुझा नाही, त्या सद्गृहस्थांचा. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं.

खोटं का लिहिलं ते सांगतो. आळीतल्या सगळ्यांनी बघितलं होतं, निदान एका माणसाला तरी मी नीट मेलो असं वाटावं, म्हणून. तर ते माणूसच तिथे पदर तोंडात कोंबून बसलेलं.

तिथे उभं असताना मला पुढचं काही दिसत नव्हतं. पट्टी तोंडावर लोंबत होती, वाक्यं आठवत नव्हती, कानात फक्त पोरांचं हसू. मला वाटलं, संपलं, आता पडदा. मग तो आवाज आला. मला वाटलं भैरीच बोलली. शांतीला तसं म्हटलंसुद्धा, आणि ती "असंल" म्हणून चुलीकडे वळली. आक्का, गेल्या वर्षी पहिली हसलीस ती तू, आणि यंदा पहिली ओरडलीस तीही तूच. कोलाडपर्यंत ऐकू जाणारा आवाज कधी कामाला येईल ते सांगता येत नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी घरी आले. म्हणाले, "चिलखत सुटलं नाय, हे खरं. शब्द म्हंजे शब्द. रायाजी तुजाच." पण एक अडचण झाली आहे. गिरजाबाईने देवळात बसून ठरवलं आहे की यापुढे रायाजीला मारायचं नाही, आणि अर्धी आळी तिच्या बाजूने आहे. मास्तर शेवट बदलायला बसले आहेत. मी त्यांच्या हातापाया पडून सांगितलं, एकदा मरू द्या, कमी पडीन, एकदाच पडीन. ते म्हणाले, "दिसायला तू मान्सासारखा दिसलास तर मारू."

तेव्हा पुढल्या वर्षी मला दुसरं चिलखत लागेल. या वेळी माझ्याच मापाचं, नागाशिवाय. कपाळाला रुमाल मी बांधीन. आणि तू पहिल्या रांगेत बसायचं, तुझं स्वतःचं लुगडं नेसून. हसू आलं तर हस. मला ऐकू आलं म्हणजे कळेल की तू आहेस.

पोपटची कंबर बरी आहे. तो तुझ्याकडून चिलखत करून घ्यायचं म्हणतो आहे, पण त्याला आधी आमच्या अंगणात बसून दाखवायला सांगितलं आहे.

सोबत दोरी पाठवतो. मापं शांतीने घेतली आहेत. ती हसली, पण मी हललो नाही. पोटाची गाठ बघून बायकांना दाखवायची असेल तर दाखव. श्वास सोडून घेतली आहे.

तुझा,
गुणाजी